शेजाऱ्यांच्या कुत्र्यांची आबाळ होतेय असं वाटतंय, तक्रार करावी का?

तुम्ही लिहिलंय की शेजारच्या मागच्या अंगणात दोन कुत्री दिवसरात्र साखळीला असतात, त्यातलं एक महिन्याभरात फार खंगलंय, आणि शेजाऱ्यांशी इतक्या वर्षांचे संबंध असल्यामुळे कळवावं की गप्प बसावं हे ठरत नाहीये. माझं उत्तर आहे, कळवा. ते कधी आणि कसं, यावर मात्र थोडं सविस्तर लिहिते, कारण मी स्वतः यात एकदा उशीर केला आहे.

आमच्या शेजारी एक काकू एकट्या राहायच्या. त्यांच्या मुलाने कुत्र्याचं पिल्लू आणलं आणि थोड्याच दिवसांत नोकरीसाठी तो दुसऱ्या गावी गेला. कुत्रा काकूंकडे राहिला. दाट केसांचा, अंगाने मोठा होत चाललेला. कपडे वाळत घालताना मला तो रोज दिसायचा. मग तो मान कुंपणाच्या खांबावर घासायला लागला. गोचीड झाली असेल, असं मी धरून चालले. नंतर मानेभोवती माश्या दिसायला लागल्या. मग वास यायला लागला, गोडसर कुजका. तीन आठवडे मी मनाशीच घोळवत बसले होते: काकू चांगल्या आहेत, कुत्र्याला रोज खायला घालतात, उगाच कशाला बभ्रा. एका दुपारी तो कुंपणाला लागून आडवा पडला होता. वाऱ्याने मानेचे केस बाजूला झाले आणि मला पट्ट्याचं फक्त बकल दिसलं. बाकीचा पट्टा कातडीच्या आत गेला होता. पिल्लू असताना घातलेला पट्टा कोणी सैलच केला नव्हता.

त्याच संध्याकाळी मी फोन केला. भूल देऊन पट्टा काढावा लागला. मानेभोवती सगळीकडून जखम होती. तो वाचला. काकूंशी बोलल्यावर कळलं की त्यांना कुत्र्याची भीती वाटायची. त्या ताटली काठीने पुढे सरकवायच्या. मुलगा गेल्यापासून त्यांनी त्या कुत्र्याच्या अंगाला हातच लावला नव्हता, मग पट्टा दिसणार कुठून?

काकू वाईट आहेत का, या एका प्रश्नावर मी तीन आठवडे घालवले, आणि तेवढे दिवस पट्टा आत रुतत होता. म्हणून तुम्हाला कळकळीने सांगते, शेजारी दोषी आहेत का, हे ठरवणं तुमचं काम नाही. तुम्ही जे पाहिलं ते सांगायचं. तपासायला येणारा माणूस जवळ जाऊन बघतो, हात लावून बघतो, मालकाशी बोलतो. कुंपणाच्या या बाजूने ते आपल्याला जमत नाही.

आता तुमच्या कुत्र्यांकडे वळते. दोघांपैकी एकच खंगलंय, हे फार महत्त्वाचं आहे. घरात अन्नच येत नसतं तर सहसा दोन्ही वाळली असती. एकच वाळतं तेव्हा बऱ्याचदा जोरकस कुत्रा दुसऱ्याच्या वाटणीचं खातो, नाहीतर वाळणारं आजारी असतं: जंत, दाताचं दुखणं, मूत्रपिंड, मधुमेह, काहीही. म्हणजे शेजारी दोघांपुढे भरपूर अन्न ठेवत असतील आणि 'आम्ही तर खायला घालतो' हे अगदी खरं सांगत असतील. तरीही त्या कुत्र्याला पशुवैद्याची गरज आहेच.

किती खंगलंय हे लांबूनही थोडंफार कळतं. पशुवैद्य अंगकाठीला १ ते ९ असे गुण देतात. ४-५ म्हणजे ठीक: बरगड्या हाताला लागतात, वरून बघितलं तर कंबर आत गेलेली दिसते. बरगड्या, पाठीचे मणके आणि कमरेची हाडं लांबूनच उठून दिसत असतील तर ते १ च्या जवळचं आहे. ग्रेहाउंडसारख्या जातींमध्ये निरोगी कुत्र्याच्याही बरगड्या दिसतात, आणि केसाळ कुत्र्याचं वाळणं केसांखाली लपतं. म्हणून बरगड्यांपेक्षा मी बदलाकडे बघेन. पूर्वी फाटक वाजलं की उठून भुंकणारं कुत्रं आता मान वर करून बघतही नसेल, तर मला त्याची जास्त काळजी वाटेल. सतत भुंकणारं कुत्रं लोकांच्या डोळ्यांवर येतं आणि गप्प झालेल्याकडे कोणी बघत नाही.

बाकी काय बघायचं याला एक जुना आधार आहे. ब्रिटनमध्ये १९६५ साली ब्रँबेल समितीने शेतावरच्या जनावरांच्या हालांवर अहवाल दिला, आणि त्यातून पुढे १९७९ मध्ये 'पाच स्वातंत्र्यं' मांडली गेली: भूक-तहान नको, गैरसोय नको, दुखणं-आजार नको, स्वाभाविक वागायला वाव हवा, भीती आणि ताण नको. घरच्या प्राण्यांनाही ती तशीच लागू पडतात. तुमच्या शेजारच्या अंगणात बघायचं तर: भांड्यात पाणी आहे का, आणि ते साखळीच्या टप्प्यात आहे का? (भरलेलं भांडं चार पावलं लांब ठेवलेलं मी पाहिलं आहे.) दुपारी सावली कुत्र्यापर्यंत पोचते का? कोरडी बसायची जागा आहे का, की आपल्याच घाणीत बसावं लागतं? लंगडतंय का, नखं वळली आहेत का, केसांच्या जटा झाल्या आहेत का? जटा नुसत्या दिसायला वाईट नसतात, त्या कातडी ओढतात आणि दुखतात.

काही गोष्टींना वही काढून नोंदी करत बसायचं नाही, लगेच फोन करायचा. कडक उन्हात बांधलेलं कुत्रं जोरजोरात धापा टाकतंय, तोल जातोय, लाळ गळतेय. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकून ते अंग गार करतं, आणि ते जमेनासं झालं की जीव जायला काही तास पुरतात. उघडी जखम आणि त्यावर माश्या, हेही तसंच. उबदार हवेत माश्यांच्या अंड्यांतून दिवसभरातच अळ्या निघतात. उठता न येणारं कुत्रं, कोणी मारत असेल, किंवा घर बंद करून माणसं गेली आणि प्राणी आत आहेत, अशा वेळी आधी शेजाऱ्यांशी बोलू वगैरे विचार करू नका. स्थानिक प्राणी कल्याण संस्था असेल तर तिला, नाहीतर पोलिसांना कळवा.

तुमच्या वर्णनावरून मला वाटतं की एक-दोन दिवस हाताशी आहेत. त्यात शेजाऱ्यांशी एकदा बोलून बघा, त्यांच्या रागाची भीती नसेल तर. 'तुम्ही कुत्र्यांचे हाल करता' असं म्हटलंत तर दार बंद होईल. 'तो काळा बारीक झालाय, काही दुखतंय का त्याला? मी संध्याकाळी फिरवून आणू का? डॉक्टरकडे न्यायचं असेल तर मी सोबत येते,' असं बोला. उत्तरात बरंच कळतं. माझ्या ओळखीत एकांची मांजर अशीच हाडाची काडी झाली होती आणि माझ्या मनात नाही नाही ते आलं होतं. विचारल्यावर त्यांनी औषधाची बाटली आणून दाखवली. म्हाताऱ्या मांजरीला थायरॉइडचा त्रास होता. त्यात मांजर भरपूर खाते आणि तरी वाळते. आणि कधी उत्तरात माणसाचंच दुखणं बाहेर येतं: आजारपण, गेलेली नोकरी, खचलेलं मन. प्राण्याची आबाळ सुरू होते तिथे बऱ्याचदा घरातल्या माणसाचीही सुरू झालेली असते. त्यांनी हात पुढे केला तर मदत करा. 'बघू' म्हणून विषय टाळला आणि दोन दिवसांत काही हललं नाही, तर कळवा. त्याबद्दल मनात अपराधी वाटून घेऊ नका.

कळवताना 'कुत्र्यांकडे लक्ष देत नाहीत' हे वाक्य फारसं उपयोगाचं नाही. 'सोमवारी सकाळी आठ, दुपारी एक आणि संध्याकाळी सहाला बघितलं, भांडं तिन्ही वेळा कोरडं होतं' हे उपयोगाचं आहे. फोटो आपल्या घरातून किंवा रस्त्यावरून काढा, त्यांच्या आवारात शिरू नका. नाव गुप्त ठेवता येईल का, हे सुरुवातीलाच विचारा. नाव न सांगताही तक्रार घेणाऱ्या संस्था असतात, पण परत फोन करून विचारता येईल असा साक्षीदार असेल तर त्यांचं काम सोपं होतं. तक्रार केली की कुत्री लगेच उचलून नेतील असंही नाही. बऱ्याचदा आधी मालकाला समज देतात, काय सुधारायचं ते सांगतात आणि पुन्हा येऊन बघतात. पहिल्या फोनने काही झालं नाही तर नव्या नोंदी घेऊन दुसरा करा.

दोन गोष्टी मात्र करू नका, मायेपोटी सुद्धा. रात्री कुत्रं सोडवून आणू नका. पुरावा जातो, चोरीचा आळ तुमच्यावर येतो, आणि दुसरं कुत्रं तिथेच राहतं. आणि भिंतीवरून खूप खायला टाकू नका. बरेच दिवस उपाशी राहिलेल्या जिवाला एकदम पोटभर दिलं तर रक्तातलं फॉस्फरस झपाट्याने घसरतं आणि हृदयावर बेततं. उपासमारीतून बाहेर काढायचं ते पशुवैद्याच्या सल्ल्याने, थोडं थोडं देत. पाणी मात्र शेजाऱ्यांना विचारून जरूर ठेवा. वीस किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण लिटरभर पाणी लागतं, उन्हात त्याहून जास्त.

संबंधांचं विचारलंत, तर खरं तेच सांगते. काकू माझ्याशी चार महिने बोलल्या नाहीत. कुत्र्याला नेलं त्या दिवशी त्यांनी दार लावून घेतलं होतं, आणि ते बंद दार मला आजही आठवतं. नंतर एकदा त्यांनीच कुंपणापाशी थांबवून विचारलं, 'त्याची मान भरली का गं?' मी म्हटलं, भरली, पण तिथे केस येत नाहीत.

आज संध्याकाळी एकदा भांड्यातलं पाणी बघा. आणि कळवाल तेव्हा दोन्ही कुत्र्यांबद्दल कळवा. बरं दिसणारं सुद्धा त्याच साखळीला आहे.