बारा गाईंसाठी लंगडणं ओळखणारं यंत्र घ्यावं का?

निपाणीकडच्या बांधून ठेवलेल्या बारा एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गाईंसाठी? माझ्या मते नको. अशा यंत्राचा एक प्रकार म्हणजे पायातला पट्टा. तो पावलं आणि बसण्याचा वेळ मोजतो, आणि त्या गाईच्या नेहमीच्या सवयीपेक्षा फरक पडला की मोबाइलवर इशारा देतो. दावणीला उभी गाय चालतच नाही, मग पावलं कसली मोजणार? दुसरी, कॅमेऱ्याची पद्धत पाठीची कमान आणि पावलांची लांबी बघते. ती दूध काढून रोज एकाच वाटेनं परतणाऱ्या मोठ्या कळपाला शोभते. मुक्त गोठा (गाई न बांधता मोकळ्या फिरतात असा) असेल तर पट्ट्याचा विचार करा.

तोवर डोळे वापरा. आठवड्यातून एकदा प्रत्येक गाय कोरड्या, सपाट जागेवर दहा-बारा पावलं चालवा आणि बाजूनं बघा. लंगडण्याला १ (चाल ठीक) ते ५ (सर्वात वाईट) गुण देण्याची पद्धत आहे. उभी असताना पाठ सरळ, पण चालताना कमान, तर २. उभ्यानंही कमान, तर ३. एका पायावरचा भार उघड टाळत लंगडत असेल तर ४. पाय टेकवतच नसेल तर ५. दुखरा पुढचा पाय टेकताना मान वर उचलते, तेही बघा. २ दिसला की खुरं तपासून साळून घ्या. आपल्याकडे बरेचजण ४ झाल्यावरच डॉक्टरांना फोन करतात.

आणि पावसाळ्यात खुरं बिघडवणारा शेण-मुताचा चिखल आधी काढा हो, पट्ट्याचं नंतर बघू.