ट्रेडिंगचं भांडवल गंठणातून की पगारातून?

प्रश्न : आम्ही इचलकरंजीचे. मिस्टर यंत्रमागावर आहेत, मी घरी शिलाई करते. दोघांचे मिळून महिन्याला पंचवीस-सव्वीस हजार येतात. मुलगा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. नोकरी करणार नाही, ऑप्शन ट्रेडिंगच (ठरलेल्या भावाला शेअर घेण्या-विकण्याच्या हक्काचे सौदे) करणार म्हणतो. भांडवलासाठी दिवाळीला लागणारी पन्नास हजारांची भिशी द्या आणि माझं गंठण तारण ठेवा, असा हट्ट धरून बसलाय. पेपर ट्रेडिंगमध्ये, म्हणजे खरे पैसे न लावता केलेल्या सौद्यांत, फायदा झाल्याचं दाखवतो. पैसे द्यावेत का?

उत्तर : ताई, गंठणाला हात लावू नका. सोनेतारणाचं व्याज दर महिन्याला चढत राहतं. बाजार चालला नाही म्हणून ते थांबत नाही.

भिशीचा हिशेब मात्र मुलाला समोर बसवूनच करा. ऑप्शनचा एक लॉट (ठरलेला गठ्ठा) घेतला आणि विकला, की बहुतेक डिस्काउंट ब्रोकरकडे (कमी दलाली घेणाऱ्यांकडे) दोन ऑर्डरचे चाळीस रुपये लागतात. त्यावर 18 टक्के जीएसटी, शिवाय एसटीटी (सौद्यावरचा सरकारी कर) आणि एक्स्चेंजचे चार्जेस. साठेक रुपये धरा. दिवसाला चार सौदे आणि महिन्याला वीस दिवस म्हणजे 4,800 रुपये. पन्नास हजारांवर हे जवळजवळ दहा टक्के झाले, आणि तेही दर महिन्याला. सौदा बरोबर लागो वा चुको, एवढं आधी कमवायचं आणि मग घरी काही आणायचं. पेपर ट्रेडिंगमध्ये हे पैसे बहुतेकदा कापलेच जात नाहीत, आणि आईचं गंठण तारण असताना स्टॉपलॉस (तोटा एका मर्यादेला थांबवणारी ऑर्डर) लावताना हात कसा थरथरतो तेही तिथं कळत नाही.

शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये अहवाल काढला. 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत एफ अँड ओ (फ्युचर्स आणि ऑप्शन) करणाऱ्या वैयक्तिक ट्रेडर्सपैकी 93 टक्के तोट्यात गेले. खर्च धरून सरासरी तोटा माणशी सुमारे दोन लाख. शेवटच्या वर्षी असे सौदे करणाऱ्या तीन चतुर्थांशांहून जास्त लोकांनी आपलं उत्पन्न पाच लाखांच्या आत दाखवलं होतं. म्हणजे तुमच्याआमच्यासारख्याच घरांतले. टेलिग्रामवर नफ्याचे स्क्रीनशॉट टाकणारे त्यांची वर्षभराची पी अँड एल (नफा-तोट्याचा हिशेब) कधी टाकत नाहीत, हेही मुलाच्या कानावर घाला.

तरी त्याची आवड मोडा असं मी म्हणत नाही. भांडवल त्याचं त्याने उभं करावं, एवढंच. गावातच सूत व्यापाऱ्यांच्या पेढ्या आहेत. टॅली आणि जीएसटी येणाऱ्या बी.कॉम. मुलाला सुरुवातीला दहा-बारा हजारांचं काम मिळायला हरकत नाही. त्यातले चार हजार दरमहा इंडेक्स फंडात (बाजाराच्या निर्देशांकातले शेअर घेणारा म्युच्युअल फंड) टाकले, तर तीन वर्षांत त्याचे स्वतःचे 1 लाख 44 हजार जमतात. वर्षाला बारा टक्के परतावा मिळाला असं धरलं (मिळेलच असं नाही), तरी रक्कम 1 लाख 72 हजारांच्या आसपास जाते. बघा, बाजाराची भर जेमतेम 28 हजारांची, बाकी सगळा पगार. रक्कम लहान असते तोवर ती वाढते बचतीनेच, आणि मुलं नेमकं हेच ऐकून घेत नाहीत.

तीन वर्षांनी त्यातला चौथा हिस्सा ट्रेडिंगला काढावा. आधी कॅशमध्ये डिलिव्हरीचे सौदे, म्हणजे पूर्ण पैसे देऊन शेअर खात्यात घ्यायचे, ऑप्शन नंतर. तो हिस्सा संपला तर पुन्हा घरातून भर नाही, हे आजच ठरवून घ्या.

बाजारातच राहायचं असेल तर दुसरा रस्ताही आहे. ब्रोकरच्या डीलिंग रूममध्ये डेरिव्हेटिव्हचं (फ्युचर्स-ऑप्शनचं) टर्मिनल चालवायला एनआयएसएमची (सेबीच्या प्रशिक्षण संस्थेची) सीरीज आठ ही परीक्षा लागते. बॅक ऑफिसला जायचं तर सीरीज सात. कोल्हापूर-सांगलीत ब्रोकरांच्या शाखा आहेत, तिथं चौकशी करू दे. दुसऱ्यांचे सौदे रोज डोळ्यांसमोर होताना पाहिले, की कुणाचं खातं किती दिवसांत साफ होतं ते आपोआप कळतं, आणि वर पगारही मिळतो.

भिशीचे पन्नास हजार तुमच्याच नावावर एफडीत ठेवा. मंदीत माग बंद पडले तर दोन महिन्यांचं घर त्यावर निघेल.

आणि परीक्षेचा फॉर्म त्याला शेवटचं सेमिस्टर चालू असतानाच भरायला सांगा. सीरीज आठला शंभरपैकी साठ गुण लागतात आणि चुकलेल्या उत्तराला पाव गुण कापतात, तेव्हा अंदाजाने खुणा करून भागणार नाही.