रेषा, लंबगोल आणि खोकी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सर, मुलं मोठी झाली तशी मी परत चित्रं काढायला लागले. रोज वहीत रेषा, गोल, लंबगोल काढते, पानंच्या पानं भरतात पण रेघ वाकडी ती वाकडीच, आणि आता कंटाळा यायला लागलाय. पट्टी वापरली तर चालेल का?
— एक वाचक, पारोळा

उत्तर : ताई, पट्टी नको, आणि पानं भरायचा नादही सोडा. रेघ बिघडते ती बहुतेक वेळा हातामुळे नाही, ती कुठं संपणार हेच सुरुवातीला ठरलेलं नसतं, मग पेन्सिल चालता चालता वाट शोधते आणि मधेच थरथरते. कागदावर दोन ठिपके द्या. टोक पहिल्यावर, नजर दुसऱ्यावर, कागदाला न टेकवता हात त्या वाटेवरून चार-पाचदा फिरवा आणि मग न थांबता एका दमात रेघ मारा. चुकली तर चुकली, तिच्यावर दुसरी गिरवायची नाही, सरावाला खोडरबर जवळसुद्धा ठेवू नका. पाठकोरे कागद आणि साधा बॉलपेन पुरतो, उलट पेनने बरं, खोडता येत नाही म्हणून माणूस आधी विचार करतो.

दुसरं म्हणजे हात कुठून हलतो ते बघा. मनगट टेकवून वीतभर रेघ मारली की ती वळणारच, कारण पेन मनगटाभोवती फिरतो. लांब रेघ खांद्यातून मारायची, कोपर टेबलावरून उचलून. सुरुवातीला रेघ आधीपेक्षाही खराब येईल, येऊ द्या. आणि अजिंठा आपल्याला इतकं जवळ आहे तर एकदा फक्त रेषा बघायला जा, पहिल्या लेण्यातल्या भित्तिचित्रातला पद्मपाणी बोधिसत्त्व, त्याच्या भुवईची आणि खांद्याची रेषा निवांत उभं राहून बघा, कुठं अडखळलेली दिसत नाही.

कंटाळ्याचं म्हणाल तर सराव थोडाच करा आणि उरलेल्या वेळात तुमच्या आवडीचं चित्र काढा. नुसत्या रेघा ओढत बसायला कुणी चित्रकला शिकत नाही.

प्रश्न : मी इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेला बसतोय. स्थिरचित्रात माझी बादली पडायला आल्यासारखी दिसते, तोंड बरोबर येतं पण बुडाशी गडबड होते.
— नववीतला विद्यार्थी, शहादा

उत्तर : मित्रा, बादली फरशीवर सपाट बसलीय हे डोक्याला माहीत असतं म्हणून तू बुड जवळजवळ सरळ रेघेने काढत असशील, बरीच मुलं तसंच काढतात. घरातला स्टीलचा डबा घे. झाकण बरोबर डोळ्यासमोर येईल असा धर, त्याची कड नुसती एक रेघ दिसेल. ओट्यावर ठेवून उभा राहा, चपटा लंबगोल दिसेल, जमिनीवर ठेव, बराच गोल दिसेल. म्हणजे आडवं वर्तुळ नजरेच्या पातळीपासून जितकं खाली जाईल तितकं ते भरत जातं. बादलीचं बुड तोंडाच्या खाली आहे, म्हणून बुडाचा लंबगोल आकाराने लहान असला तरी तोंडाच्या लंबगोलापेक्षा कमी चपटा हवा. मागची न दिसणारी बाजू पण हलक्या हाताने पूर्ण काढ, दोन्ही टोकांना कोपरा येऊ देऊ नको, तिथंही तो वळलाच पाहिजे.

कलण्याचं कारण वेगळं. बादलीच्या मधोमध उभी रेघ आख, दोन्ही लंबगोलांचा लांब व्यास तिला काटकोनात यायला हवा. हीच गोष्ट स्मरणचित्रात बैलगाडीला कामाला येते, चाकाची आस ज्या दिशेला गेलीय त्याच दिशेला चाकाच्या लंबगोलाचा आखूड व्यास ठेवायचा. तो चुकला की चाक गाडीतून निखळल्यासारखं दिसतं.

प्रश्न : केळीची खोकी गाडीत भरताना स्केच करतो, पण खोक्याची मागची बाजू पुढच्यापेक्षा मोठी होते.
— एक शेतकरी, रावेर

उत्तर : भाऊ, भुसावळला स्टेशनच्या पुलावर उभे राहा आणि रूळ बघा. समांतर रूळ लांब जाता जाता तुमच्या नजरेच्या पातळीकडे जवळ येत जातात, खोक्याच्या कडांचंही तेच. खोकं काढून झालं की दुसऱ्या रंगाच्या पेनने कडा मागच्या बाजूला वाढवा, एका दिशेच्या चारही कडा एकमेकींकडे जायला हव्यात, एखादी फाकली तर चूक लगेच दिसते आणि पुढचं खोकं काढताना हात आपोआप सावध होतो. नवीन खोकं काढण्याइतकंच हे तपासणं महत्त्वाचं आहे, ते सोडलं तर तीच चूक पक्की होते. फक्त व्हॅनिशिंग पॉइंट, म्हणजे वाढवलेल्या कडा जिथं एकत्र येतात ते बिंदू, खोक्याच्या फार जवळ घेऊ नका, खोकं ताणल्यासारखं दिसतं, ते कागदाच्या बाहेर गेले तरी चालेल. आणि थप्पीत एखादं खोकं तिरकं बसलेलं असतंच, त्याचे पॉइंट वेगळे घ्या, पण खोकं सपाटच टेकलेलं असेल तर तेही नजरेच्या पातळीच्या त्याच रेषेवर येतील.