बायकोवर लहानपणी अत्याचार झाला होता, जवळ गेलो की ती दगडासारखी होते. मी काय करू?

तुम्ही लिहिलंय की लग्नाला दीड वर्ष झालं. नात्यातल्या एकाने केलेला अत्याचार बायकोने आत्ता कुठे सांगितला, फॅमिली डॉक्टरांनी झोपेची गोळी दिलीय आणि इतक्या वर्षांनीही ती हे विसरत का नाही, असा तुमचा प्रश्न आहे.

विसरण्या-न विसरण्याचा इथे संबंध नाही. जिवावर बेतलं की शरीर पळतं, झुंजतं नाहीतर थिजतं. लहान पोराला पळणं-झुंजणं जमत नाही, मग थिजणंच उरतं. ते कुणी ठरवून करत नाही आणि त्यात संमतीही नसते. ('मी ओरडले का नाही' हा सल अनेकींना आयुष्यभर खातो. तुम्ही तो प्रश्न चुकूनही विचारू नका.) पुढे एखादा वास, अंगावरचा भार, कडी लागल्याचा आवाज एवढ्यानेही शरीर तेच पुन्हा करतं, समोर तुम्ही आहात हे तिच्या लक्षात येण्याआधीच.

शरीरसंबंध काही आठवडे, लागले तर काही महिने, पूर्ण थांबवा. पण हे दोघांनी बोलून ठरवा. तुम्ही नुसतेच गप्प होऊन कूस बदललीत, तर 'मीच घाण आहे' असा अर्थ ती लावण्याची शक्यता जास्त. नंतर स्पर्शाची सुरुवात तिने करायची, दिवा चालू ठेवून, हातात हात घेण्यापासून. थिजल्यावर तोंडातून शब्द फुटत नाही, म्हणून खूण ठरवा: तिने दोनदा थोपटलं की थांबायचं. कधी हातही हलत नाही. श्वास अडकला, नजर हरवली, अंग ताठलं, तर खुणेची वाट पाहू नका. आणि थांबल्यावर रुसवा नको. एकदा तुमचं तोंड वाकडं झालं, की पुढच्या वेळी ती खूण करणारच नाही.

थिजलीच तर मिठी मारू नका. हातभर अंतरावरून, हळू आवाजात, तिचं नाव घ्या, आजचा वार सांगा, आपण कुठे आहोत ते सांगा. पाय जमिनीला टेकवायला आणि खोलीतल्या पाच वस्तूंची नावं घ्यायला सांगा. गार पाण्याचा पेला पुढे करा, हातात कोंबू नका.

गोळी अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपामच्या गटातली असेल तर तिने झोप लागेल, आघात बरा होणार नाही, आणि सवय लागू शकते. मात्र एकदम बंद करू नका, मनोविकारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करा. ते सर्ट्रालीनसारखं, नैराश्य-चिंतेवरचं औषध देऊ शकतात. त्याचा गुण यायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात आणि कामेच्छा त्यानेही कमी होऊ शकते. हे आधी माहीत नसलं की दोष पुन्हा तिच्यावरच येतो.

मुख्य उपचार म्हणजे आघातासाठीची थेरपी: सीपीटी ('माझीच चूक' असे मनात बसलेले विचार तपासणारी, साधारण १२ बैठका), प्रोलाँग्ड एक्सपोजर (टाळलेल्या आठवणींना हळूहळू सामोरं नेणारी, ८ ते १५ बैठका) किंवा ईएमडीआर (आठवण मनात धरून डोळे डावी-उजवीकडे फिरवायला लावणारी). अत्याचार वर्षानुवर्षं चालला असेल तर जास्त वेळ धरा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टना फोनवरच विचारा, यातल्या कशाचं प्रशिक्षण घेतलंय? 'जे झालं ते सोडून द्या' असं उत्तर आलं तर दुसरं दार ठोठवा. सुरुवातीच्या बैठकांनंतर वाईट स्वप्नं काही काळ वाढू शकतात आणि नेमकं तिथेच अनेक जण उपचार सोडतात. तेव्हा सोडू नका, थेरपिस्टना सांगून वेग कमी करून घ्या. कुठून सुरुवात करावी कळत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो. जीव द्यायचे विचार बोलून दाखवले तर तिला एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

त्या माणसाला जाब विचारायला परस्पर जाऊ नका, आईवडिलांनाही तिच्या नकळत सांगू नका. त्या वेळी तिला कुणी विचारलं नव्हतं, आता तरी विचारा. तक्रारीचंही तेच: लहानपणीच्या अत्याचाराची तक्रार मोठेपणीही देता येते, वकिलाशी बोलून तिने ठरवू दे. फक्त त्याच्या आसपास आज लहान मुलं असतील तर हा विषय लांबवू नका. आणि घरच्या लग्नाला तो येणार असेल तर 'पाया पड' म्हणणाऱ्यांना आडवं जायचं काम तुमचं. ती हॉलवर गेलीच नाही, तर 'तिला बरं नाही' एवढं तुम्ही सांगितलंत तरी पुरे.