वेलिंग्टनच्या स्टाफ कॉलेजचं वर्ष म्हणजे सुट्टीच असते का? कुटुंबानं सोबत जावं का?

ताई, तुमच्या मिस्टरांची वेलिंग्टनला, म्हणजे सेनादलांच्या अधिकाऱ्यांना वरच्या कामांसाठी तयार करणाऱ्या स्टाफ कॉलेजला निवड झाली, दोघांचंही मनापासून अभिनंदन. नातेवाईक त्या वर्षाला ‘पगारी सुट्टी’ म्हणतात आणि तेवढ्यासाठी मुलीची पुण्यातली शाळा बदलावी का, असा तुमचा प्रश्न आहे. बदला. नक्की जा. मी पायदळातला, आता निवृत्त. मेजर असताना हा कोर्स केला आणि सहकुटुंब केला.

सुट्टी मात्र ती नव्हे. प्रवेश परीक्षेसाठी त्यांनी काढलेल्या रात्री तुम्ही पाहिल्याच असतील, तशा तिथेही निघतात. दहा-बारा जणांचं सिंडिकेट, त्यावर एक डीएस म्हणजे शिकवणारा अधिकारी, आणि समोर नकाशा. आज तुम्ही ब्रिगेडचे स्टाफ ऑफिसर. शत्रू अमुक ठिकाणी, मध्ये नदी, तोफखाना उशिरा पोचणार. लिहा अप्रिसिएशन म्हणजे परिस्थितीचा आढावा, काढा ऑर्डर. जवानांची कंपनी सांभाळताना दारूगोळा, पाणी, पेट्रोल वरून कुणीतरी पाठवत असतं. इथे ते ‘कुणीतरी’ आपण होतो. हा बदल अंगवळणी पडायला मला दिवाळी उजाडली. शिवाय मद्रास विद्यापीठाच्या एमएस्सीसाठी प्रबंध लिहायचा असतो, तो वेगळाच.

मिस्टरांना एक सांगा, ‘पीसीके’वर विसंबू नका. आधीच्या कोर्सवाल्यांकडून आलेल्या नोट्स आणि तयार उत्तरांना तिथे तसं म्हणतात. माझा पहिला मोठा एक्सरसाइज मी त्यावरूनच उतरवला होता. डीएसनी शांतपणे विचारलं, “हा पूल वाहून गेला तर?” मला एक शब्द बोलता आला नाही. त्या दिवसानंतर माझं उत्तर चुकलं तरी ते माझंच असायचं.

या कॉलेजचं मूळ आपल्याकडचं आहे. १९०५ साली ते देवळालीला सुरू झालं, १९०७ मध्ये क्वेट्याला गेलं, आणि फाळणीनंतर भारताच्या वाट्याचं कॉलेज निलगिरीत वेलिंग्टनला आलं. ब्रीदवाक्य ‘युद्धं प्रज्ञाय’ आणि चिन्ह घुबडाचं. माझ्या आईला घरात घुबड टांगलेलं मुळीच रुचलं नव्हतं; लक्ष्मीचं वाहन आहे म्हटल्यावर तिनं ते राहू दिलं.

आता मौजमजेचं. जिमखान्याचं गोल्फ मैदान आहे, घोडेस्वारी आहे, उटी हंट म्हणजे शिकारी कुत्र्यांमागे घोडे दौडवण्याचा खेळ आहे, चहाच्या मळ्यांतून हव्या तेवढ्या पायवाटा आहेत. रविवारी आम्ही कुन्नूरहून मेट्टुपाळयमकडे उतरणाऱ्या छोट्या गाडीत बसायचो. कल्लारपर्यंत दातेरी रूळ आहे, मुलगी सगळा वेळ खिडकीला चिकटलेली. सॅम माणेकशा एकेकाळी या कॉलेजचे कमांडंट होते, निवृत्तीनंतर कुन्नूरलाच राहिले. उटीच्या पारशी दफनभूमीत त्यांची समाधी आहे, मुलीला तिथे जरूर न्या.

पण खरी कमाई म्हणजे शेजार. आमच्या एका बाजूला नौदलाचं कुटुंब, दुसऱ्या बाजूला हवाई दलाचा हेलिकॉप्टर पायलट, शिवाय मित्रदेशातून आलेले अधिकारी. त्या पायलटबरोबर मी वर्षभर डोंगर चढलो. पुढे काही वर्षांनी उत्तरेत एका जखमी जवानाला तातडीनं खाली आणायचं होतं, हवामान वाईट होतं, आणि फोन त्यानंच उचलला. मला काय हवंय ते दोन वाक्यांत त्याला कळलं. ओळख नसती तर तेच समजावण्यात वेळ गेला असता, आणि त्या जवानाकडे वेळ नव्हता.

आणि घर. त्याआधीची तीन वर्षं मी फील्डमध्ये, बायको-मुलगी साताऱ्यात. वेलिंग्टनला मुलगी जेवणाची पानं मांडायची तेव्हा सवयीनं दोनच मांडायची. बायको काही न बोलता तिसरं ठेवायची. दसऱ्याच्या सुमारास एकदा मी अभ्यासातून उठून आलो तर मुलीनं आपणहून तीन पानं मांडलेली होती. रात्री पुस्तकं घेऊन बसलो तरी मी त्याच खोलीत असायचो. तुमच्या मिस्टरांचं पुढचं पोस्टिंग कुठे असेल सांगता येत नाही, म्हणून हे वर्ष पुण्यात बसून घालवू नका.

कोर्स साधारण जूनला सुरू होऊन एप्रिलच्या आसपास संपतो, त्यामुळे शाळेचं वर्ष मध्येच तुटत नाही. दाखला आधीच काढून ठेवा. लोकरीचे कपडे आणि चांगल्या छत्र्या घ्या, ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिथे परतीचा पाऊस जोरात असतो. संध्याकाळनंतर मुलीला एकटीला रस्त्यावर सोडू नका, गवे अगदी घरांपर्यंत येतात.