इनामगाव आणि छत्तीस मीटर सुतळी

प्रिय मुली,

तुझं पत्र मिळालं. पाचवीचा वर्ग, अख्खं सत्र आणि विषय ‘प्राचीन काळ’. तुझ्या यादीत हडप्पा आहे, इजिप्त आहे, अश्मयुगही आहे. माझं ऐक, एकच गाव घे. मी असते तर इनामगाव घेतलं असतं.

पहिल्या वर्षी मीही सगळं घेतलं होतं. थर्माकोलचे पिरॅमिड आले, मोहेंजोदडोचं स्नानगृह आलं, प्रदर्शन छान झालं. नंतर वर्गात विचारलं, “हे असं होतं हे आपल्याला कशावरून कळलं?” कुणालाच सांगता येईना. बहुतेक कामं आईबाबांनी रात्री जागून केलेली होती. मुलांचं एक सत्र माझ्या हातून वाया गेलं, ते अजून बोचतं.

इनामगाव पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी. पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधल्या सांकलिया, ढवळीकर, अन्सारी या पुरातत्त्वज्ञांच्या चमूने १९६८ पासून बरीच वर्षं तिथे खोदकाम केलं. साधारण ३६०० ते २७०० वर्षांपूर्वी नांदलेलं शेतकऱ्यांचं गाव. त्यांनी लिहून ठेवलेला एक शब्दही नाही. जे कळलं ते चुली, खापरं, दाणे, हाडं यांवरून. म्हणून “कशावरून?” हा प्रश्न तिथे सतत विचारता येतो, आणि मुलं तो प्रश्न एकदा शिकली की सोडत नाहीत.

तिथे गहू, सातू, तांदूळ, कडधान्यं, तीळ सापडले. बोरं, आवळे, जांभळं खाल्ल्याच्या खुणा आहेत. गाई-म्हशी, शेळ्या, हरणं, ससे, मासे, कासवं यांची हाडंही आहेत. मुलांना उकिरडा वाचायला शिकव, पण घरचा कचरा आणायला सांगू नकोस. कुणाच्या घरी चिप्सची पाकिटं निघतात, कुणाच्या घरी काहीच निघत नाही, आणि ते चारचौघांत दिसतं. शाळेच्या खिचडीच्या स्वयंपाकघरातला एका दिवसाचा कचरा पुरेल.

गणित वेगळं आणून चिकटवू नकोस, ते आपणच येईल. त्या गावाच्या मधल्या काळातली घरं चौकोनी, साधारण ५ बाय ३ मीटरची. रांगोळीने मैदानात तेवढं घर आख आणि घरातली माणसं म्हणून आठ मुलं आत बसव. चूल कुठे, कणगी कुठे, झोपायचं कुठे, यावर भांडू दे त्यांना. मग शेवटच्या काळातली छोटी गोल झोपडी बाजूला आख. घरं लहान का झाली? ढवळीकरांनी त्याचा संबंध कोरड्या पडत गेलेल्या हवामानाशी लावला. शिरूरच्या मुलांना दुष्काळ समजावून सांगावा लागत नाही. तुझ्या मुलांना लागेल, तेव्हा तिथे घाई करू नकोस.

मातीकामाला दोन तास ठेव. इनामगावची भांडी ‘जोर्वे’ नावाच्या पद्धतीची: लाल, वर काळ्या रेघांची नक्षी, काहींना तोटी, टिचकी मारली तर खणखणीत वाजणारी. मुलांच्या हातून तसं भांडं होणार नाही. पण तोटी गळून पडली की कुंभाराचं कसब त्यांना आपोआप कळेल.

एक गोष्ट जपून. पाच खोल्यांच्या एका मोठ्या घराच्या अंगणात चार पायांच्या मातीच्या रांजणात पुरलेला माणूस सापडला. शेजारी धान्याचं कोठार होतं. तो गावातला कोण असेल, यावर मुलं फार सुंदर बोलतात. पण लहान बाळांनाही घरातच जमिनीखाली, दोन मडकी तोंडाला तोंड लावून पुरलेलं आहे. मुलं विचारतीलच. खरं सांग. मात्र त्याआधी वर्गात कुणाच्या घरी नुकतं कुणी गेलंय का, हे तुला ठाऊक हवं.

आणि काळ. तो दोरीवर गाठी मारून मोजायचा; एका वर्षाला एक सेंटिमीटर धर. मूल स्वतः दहा सेंटिमीटर, आजी पाऊण मीटरच्या आसपास, शिवरायांचा राज्याभिषेक साडेतीन मीटरवर. गावाची सुरुवात छत्तीस मीटरवर, म्हणजे वर्गातून निघून बहुधा मैदानाच्या टोकाला. ते गाव नऊशे वर्षं, नऊ मीटर टिकलं. ज्ञानेश्वरांपासून आपल्यापर्यंतचं अंतर त्याहून कमी आहे. गाठी मुलांनाच मारू दे. आणि लोकर घेऊ नकोस, ती ताणली जाते, मापं चुकतात. सुतळी घे.

तुझ्या बाई