1920-30च्या लाकूडतोड छावण्यांत मालक नवरा-बायको इतके निर्दयी असणं पटतं का?

प्रश्न अमेरिकेच्या अ‍ॅपलाचियन डोंगरांतल्या मालक जोडप्यांबद्दल आहे, असं धरून सांगतो. हो, पटतं. कारण त्यांच्यामागे मुदत लागलेली होती. याच डोंगरांतल्या ग्रेट स्मोकी माउंटन्स भागात राष्ट्रीय उद्यान करायला 1926 साली अमेरिकी संसदेने (काँग्रेसने) मंजुरी दिली, 1928 मध्ये रॉकफेलर या धनाढ्य उद्योगपती कुटुंबाकडून 50 लाख डॉलर आले आणि सरकार जमिनी घेऊ लागलं. कंपन्यांनी किंमत वाढवायला कोर्टकचेऱ्या केल्या. उद्यान 1934 मध्ये अस्तित्वात आलं. जमीन जाणारच म्हटल्यावर उभं झाड म्हणजे बुडालेला पैसा. अशा हिशेबात बायको बरोबरीची भागीदार झाली, तर संसार आणि धंदा वेगळे उरत नाहीत. आड येणारा माणूस मग अडथळाच वाटतो.

मजुरांची अवस्था बघा. घरं रेल्वेच्या वाघिणीवर चढवून आणलेली, एक डोंगर संपला की क्रेनने उचलून पुढच्या डोंगरात. किराणा कंपनीच्याच दुकानातून. महामंदीत कामासाठी माणसं रांगा लावत होती, त्यामुळे झाडाखाली कुणी चिरडला तरी त्याची जागा लगेच भरायची. मला हे सगळ्यात भयंकर वाटतं, एखाद्या खुनापेक्षाही.

तोडीनंतर उरलेल्या फांद्या-डहाळ्या वाळून पेटायच्या. 1925 साली ग्रेट स्मोकीतला चार्लीज बनियन नावाचा कडा असाच जळाला. नंतरच्या पावसाने माती वाहून गेली आणि तिथे अजून उघडा खडक दिसतो.